परसातली विहीर उपसावी की मोठी टाकी बांधावी? (नळाला दिवसाआड पाणी)

माधवी_बार्देश
नमस्कार मंडळी. आमचं घर गोव्यात, म्हापशाजवळच्या एका गावात आहे. मार्च सरला की नळाला दिवसाआड पाणी, तेही पहाटे तासभर आणि बारीक धारेनं. वरच्या टाकीत ते चढतच नाही. मग खाली पिंप भरायचं आणि बालदीनं न्हाणीत, स्वयंपाकघरात वाहून न्यायचं. घरात आम्ही सहा माणसं. सासूबाईंना आता वजन उचलवत नाही आणि माझी सकाळी कामावर जायची घाई. मे महिन्यात मुंबईची नणंद मुलांना घेऊन माहेरी येते. तिला "या वर्षी नको येऊस" म्हणणं माझ्या जिवावर येतं.

परसात चिऱ्यांनी बांधलेली जुनी विहीर आहे. नळ आल्यावर तिचा वापर सुटला. आत आंब्याचा पाला आणि गाळ साचलाय, पण भर एप्रिलातही तळाला पाणी दिसतं. सासूबाई म्हणतात, ती उपसा. यजमानांचं म्हणणं, जमिनीखाली १० हजार लिटरची टाकी बांधू, नळ येईल तेव्हा भरून ठेवू, कमी पडलं तर टँकर मागवू. दोन्ही खर्च एकाच वर्षी झेपणार नाहीत. यातून गेलेल्यांनी अनुभव सांगावेत. आणि पाहुणे घरात असताना पाणी कसं पुरवता, तेही लिहा.

फोंडेकर_७
विहीर. डोळे मिटून विहीर.

नेहा_पर्वरी
माझं मत टाकी. आमच्या इमारतीत विहीर नाही आणि बोअरला एप्रिलात पाणी लागत नाही. खालची मोठी टाकी आहे म्हणून आम्ही तगून आहोत. सहा माणसांना माणशी १३५ लिटर धरले तरी दिवसाला ८१० लिटर होतात. १० हजारांची टाकी भरलेली असली की बारा दिवस चिंता नाही. विहिरीचं पाणी कसं निघेल, किती दिवस टिकेल, हे आधी कोण सांगणार?

अभियंता_निवृत्त
माधवीताई, पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बार्देश तालुक्याचं पाणी मुख्यतः अस्नोड्याच्या प्रकल्पातून येतं आणि उन्हाळ्यात त्या प्रकल्पाला तिळारीच्या कालव्याचा आधार असतो. तिळारीचं धरण दोडामार्गात, म्हणजे महाराष्ट्रात, प्रकल्प दोन्ही राज्यांचा. कालवा कुठे फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला की धरण भरलेलं असूनही म्हापशाचे नळ कोरडे पडतात. दक्षिणेत साळावली, फोंडा-तिसवाडीला ओपा, पेडण्याला चांदेल. प्रत्येक तालुका अशा एकदोन मोठ्या नळांवर टांगलेला आहे. ऑगस्ट २०१९ आठवा. खांडेपारजवळ ओपाची मुख्य जलवाहिनी फुटली आणि ऐन पावसात पणजीसह तिसवाडीत कित्येक दिवस पाणी नव्हतं. छपरावरून पागोळ्या गळत होत्या आणि लोक टँकरसमोर रांगेत उभे होते.

म्हणून टाकी आणि विहीर यांची तुलना मी अशी करतो: टाकीचा स्रोत नळच आहे. नळ आठवडाभर गेला की टाकीही गेली. विहीर हा वेगळा स्रोत आहे. मात्र तुमच्या यजमानांचं एक म्हणणं बरोबर आहे. दाब कमी असताना वरच्या टाकीत न चढणारं पाणी जमिनीखालच्या टाकीत आपसूक उतरतं. त्यासाठी १० हजार लिटर लागत नाहीत. तासाभराच्या बारीक धारेत तेवढं पाणी येणारच नाही. आधी एका पहाटे नळाखाली बालदी ठेवून ती भरायला किती वेळ लागतो ते बघा आणि तासाचं गणित करा. टाकीचं माप त्यावरून ठरतं.

नळाच्या लाइनला थेट मोटर मात्र लावू नका, कुणी कितीही सल्ला दिला तरी. वाटेतल्या घरांनी मोटरी लावल्या की शेवटच्या घराला नुसती हवा येते.

पेडण्याची_लेक
+१. शेवटचं घर आमचं आहे.

कुळागरी
विहिरीत पाणी कुठून येतं, हे आधी बघा. आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, सत्तरीत. वरच्या रानातल्या झरीचं पाणी पाटानं खाली येतं. पोफळी, माड, केळी, मिरवेली, सगळ्यांचं शिंपण त्याच पाण्यावर. पाळी ठरलेली असते, आज वरच्या भागाला, उद्या खालच्या. ज्याची पाळी तो पाटाचं तोंड मातीनं फिरवतो. आजोबांच्या वेळची पाळी आजही तशीच चालते आणि त्यावरून कुणाचं भांडण झाल्याचं मला आठवत नाही. मे महिन्यात झर बारीक होते, आटत नाही. कारण वरचं रान शाबूत आहे.

आमच्या शेजारच्या वाड्यावर तसं राहिलं नाही. वरची टेकडी कापली, झाडं गेली, आणि मग झर आधी एप्रिलात आणि आता होळीच्या आसपासच थांबते. त्या पोफळी वाळताना मी बघितल्यात. सुपारीचं झाड उभं करायला सहासात वर्षं जातात, आणि एका उन्हाळ्यात पाणी मिळालं नाही की संपतं. लिहितानाही मला त्रास होतो.

माधवीबाय, तुमच्या विहिरीला एप्रिलात पाणी आहे, म्हणजे वर कुठेतरी डोंगर अजून पाणी धरून आहे. ती बुजवू नका.

डिचोलीकर
कुळागरीबाब, आमच्या बाजूला रानाबरोबर खाणीही आल्या. खंदक भूजलाच्या पातळीच्या खाली गेले आणि आतलं पाणी रात्रंदिवस उपसून बाहेर टाकलं. आसपासच्या विहिरी त्या खंदकांकडे रिकाम्या झाल्या. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा खंदक पाण्यानं भरले. आता टंचाईत तेच पाणी पंपानं नदीत सोडून प्रकल्पांना पुरवण्याचा मार्ग वापरला जातो. आमच्या घरच्या विहिरीत पाणी परत आलंय, पण बालदीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबडा साका बसतो. आम्ही ते फक्त धुण्याभांड्यांना आणि झाडांना वापरतो.

शापोरा_काठ
किनाऱ्याजवळ किंवा खाडीजवळ घर असेल तर वेगळी काळजी घ्या. समुद्राकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ठोकताळा असा की गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचं खारं पाणी चाळीसेक फूट वर सरकतं. शेजारच्या मोठ्या बंगल्यांनी बोअर मारून दिवसरात्र उपसा केला आणि आमची गोडी विहीर मचूळ झाली. त्या पाण्याची आमटी आम्हाला खाववेना. पाऊस पडून गेला तरी चव पूर्ववत झालेली नाही.

रोहन_हणजूण
आता मूळ दुखण्यावर बोलू. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटर खोल पोहण्याच्या तलावात ४८ हजार लिटर पाणी बसतं. माधवीताईंच्या घराचं ते जवळजवळ दोन महिन्यांचं पाणी. गावात असे किती तलाव झालेत ते मोजा, मग समजेल पहाटेची धार बारीक का झाली. टँकर त्यांच्या फाटकातून आत जाताना दिसतात आणि वाड्यावरच्या बायका पंचायतीवर घागर मोर्चा नेतात. मला याचा संताप येतो.

सुलभा_होमस्टे
रोहन, तुझा संताप मला कळतो. माझ्याही गावात तेच आहे. पण पाहुण्यांवर पोट असलेली लहान घरंही आहेत, त्यात माझं एक. आम्ही तलाव बांधला नाही आणि बांधणार नाही. खोलीत शॉवर काढून बालदी-तांब्या ठेवला. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी नीट सांगते, गावात पाणी दिवसाआड येतं, जपून वापरा. कुणी वाईट वाटून घेत नाही. उलट लहान मुलं तांब्यानं आंघोळ करायला खूश असतात.

माधवी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. पाहुणे असले की मी पाण्याची भांडी वेगळी करते. पिण्याचं एका पिंपात, तोंड झाकलेलं, तोटीचं. वापरायचं दुसऱ्यात. तांदूळ-डाळीचं धुवण तुळशीला आणि कढीपत्त्याला. भांडी नळाखाली न धुता दोन टबांत, एकात घासायची आणि दुसऱ्यात विसळायची. विसळलेलं पाणी संडासात टाकायला. फ्लशची जुनी टाकी असेल तर एका वेळेस दहाबारा लिटर जातात. आत पाण्यानं भरलेली, बूच लावलेली बाटली ठेव, दर वेळी तेवढं वाचतं. शुद्धीकरणाच्या यंत्रातून एक लिटर पिण्याचं पाणी निघताना तीनेक लिटर बाहेर जातं. त्या नळीखाली बालदी ठेव आणि त्या पाण्यानं लादी पूस. आणि गळका नळ आजच्या आज दुरुस्त कर. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाला वीसेक लिटर होतात.

विनय_चाकरमानी
मुंबईच्या नणंदेला जरूर बोलवा. विहीर उपसताना दोर ओढायला जेवढे हात तेवढे चांगले. आम्ही मुलुंडकर मामाकडे आलो की बालद्यांची साखळी करायचो आणि त्याची आम्हाला भारी मजा वाटायची.

माधवी_बार्देश
विनय, नणंदेला हे वाचून दाखवलं. ती म्हणते, मी येते, पण विहिरीत उतरायला मला सांगू नका :)
सुलभाताई, बाटलीची युक्ती आजच केली.

सांगेकर
दक्षिणेतलं एक सांगू का? विषय थोडा बाजूला जाईल. साळावली धरणाखाली आमचं कुर्डी गाव गेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते. लोकांना वाडे आणि वालकिणीला वसवलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की घरांची जोती, वाटा, सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं. मे महिन्यात कुर्डीकर तिथे जमतात, देवाचा उत्सव करतात. ख्रिस्ती बांधवही आपल्या कपेलापाशी (लहान चर्चपाशी) फेस्त म्हणजे सण करतात. आई-काकू तिथे गेल्या की जुन्या घराच्या जोत्यावर बसून जेवतात.

हे लिहिण्याचं कारण एवढंच की दक्षिण गोव्यातल्या लाखो माणसांच्या नळांत येणारं पाणी त्या गावावर उभं आहे. रस्त्यात फुटलेल्या नळातून ते वाहताना दिसलं की मी तिथेच थांबून फोन करतो. तुम्हीही करा. त्या पाण्याची किंमत कुणीतरी आपलं घर देऊन चुकवली आहे.

नेहा_पर्वरी
सांगेकर, हे इतक्या जवळून ठाऊक नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार.

रोहन_हणजूण
म्हादई नदीच्या पाण्याचाही विषय याला जोडूनच येतो. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलंय. खांडेपार म्हादईचीच उपनदी आणि ओपा तिच्यावर. वरून पाणी वळलं तर उद्या फोंडा-तिसवाडी काय करणार?

अभियंता_निवृत्त
रोहन, म्हादईसाठी गोव्यानं लढायलाच हवं, त्यात मतभेद नाही. पण आपल्या हद्दीत पडणारं पाणी आपण धरत नाही, हेही खरं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात एप्रिलला घागर मोर्चे निघतात. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा 'हर घर जल' प्रमाणपत्र मिळवणारं पहिलं राज्य ठरलं. नळ घरोघर पोचले ही मोठीच गोष्ट झाली. पण नळ आले म्हणून गावांनी विहिरी, तळी आणि झरी वाऱ्यावर सोडल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गीता_मडगाव
मग छपराचं पाणी विहिरीत का सोडू नये? १०० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर म्हणजे वर्षाला ३ लाख लिटर. माधवीचं घर त्यावर वर्षभर चालेल!

अभियंता_निवृत्त
गणित बरोबर आहे, पण आपल्या भूमीत एक अडचण येते. जुलैत आपल्याकडच्या बहुतेक विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात. त्यात आणखी पाणी सोडलं तर ते ओसंडून जातं. जांभा सच्छिद्र. पाणी भराभर पितो आणि तेवढ्याच भराभर उतारानं खाली सोडतो. जूनमध्ये मुरलेलं पाणी मे महिन्यात त्याच विहिरीत मिळेल, असं जांभ्याच्या उतारावर सहसा होत नाही. छपराचं पाणी टाकीत साठवा, तेवढे दिवस नळावरचा भार कमी होईल. विहिरीत सोडायचंच तर पहिल्या पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्या, पुढचं खडी-वाळूच्या गाळणीतून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाचं सोडा. त्या वेळी विहिरीची पातळी उतरायला लागलेली असते.

कुळागरी
अभियंताबाबांशी मी निम्मा सहमत आहे. पाणी भराभर खाली जातं, कारण वर त्याला थांबवणारं काही उरलं नाही. डोंगराच्या उतारावर आडवे चर आणि बांध घातले, झाडं राखली, तर पाणी सावकाश उतरतं. ओहोळावर पाऊस सरल्यावर फळ्या बसवून पाणी अडवलं की आजूबाजूच्या विहिरींची पातळी महिनादीड महिना जास्त टिकते. वसंत बंधाऱ्यांचा उपयोग तोच. आमच्या ओहोळावरचा बंधारा ज्या वर्षी फळ्या उशिरा बसल्यामुळे रिकामा राहिला, त्या वर्षी खालच्या वाड्यावर टँकर आला.

अभियंता_निवृत्त
हे मान्य. बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर बसल्या पाहिजेत, ओहोळ वाहता असतानाच. पाणी निघून गेल्यावर त्या लावून काय उपयोग?

शुभदा_कुडतरी
आमच्या कुडतरीत रायतळ्यासारखी मोठी तळी आहेत आणि शेतं त्यांच्या पाण्यावर पिकतात. तळ्याला पाणी आहे तोवर त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरीही भरलेल्या राहतात. तळ्याकाठी भराव टाकायची गोष्ट निघाली की गाव एक होतं, आणि ते तसंच हवं.

आरोग्यसेविका
माधवीताई, विहीर उपसायचं ठरवलंत तर हे नीट वाचा. यात घाई करू नका.

वर्षानुवर्षं न वापरलेल्या विहिरीच्या तळाशी वायू साचतो, प्राणवायू कमी असतो. आधी दोराला पेटता दिवा बांधून तळापर्यंत सोडा. दिवा विझला तर कुणीही उतरायचं नाही. विझला नाही तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोघं माणसं हवीतच. खाली कुणाला भोवळ आली तर त्याच्यामागे दुसऱ्यानं धावत उतरायचं नाही. एकाच विहिरीत दोघातिघांचे जीव असेच जातात. इंजिनाचा पंप विहिरीच्या आत उतरवू नका, त्याचा धूर आत कोंडतो.

गाळ काढल्यावर भिंती घासा, ते पाणी उपसून टाका, नवं पाणी भरू द्या. मग ब्लीचिंग पावडर, १००० लिटरला २.५ ग्रॅम. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर असेल तर साधारण १४ हजार लिटर होतात, म्हणजे ३५ ग्रॅम. बालदीत कालवून निवळू द्या. तळाचा चुना टाकून द्या आणि वरची निवळी बालदीसकट विहिरीत सोडून पाणी ढवळा. रात्री केलंत तर उत्तम, निदान तासभर ते पाणी वापरू नका. मग नमुना तपासायला द्या. अहवाल चांगला येईपर्यंत पिण्याला नळाचंच पाणी, तेही उकळून. शौचाची टाकी विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आहे का, हे सगळ्यात आधी मोजा. तेवढं अंतर नसेल तर विहीर पिण्यासाठी धरू नका.

फोंडेकर_७
ताई, हा प्रतिसाद प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लावायला हवा.

शापोरा_काठ
आणि विहिरीवर जाळी बसवा. पाला पडत नाही, मुलं-जनावरं सुरक्षित राहतात. गप्पी मासे सोडले की डासांची भीती नाही.

नेहा_पर्वरी
वाचून माझं मत बदललं, निदान माधवीच्या घरापुरतं. आमच्यासारख्या इमारतींना टाकीशिवाय गत्यंतर नाही. पण परसात एप्रिलातही पाणी असलेली विहीर आहे म्हटल्यावर तिलाच आधी हात घालावा.

माधवी_बार्देश
सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांनी टेप धरून मोजलं. शौचाची टाकी विहिरीपासून १५ मीटरच्या पुष्कळ पलीकडे आहे. पहाटे बालदी ठेवून नळाचाही हिशोब केला. तासाभरात हजार लिटरसुद्धा येत नाहीत, मग १० हजारांची टाकी भरणार कशी? ते स्वतःच म्हणाले, विहीर करू. नळासाठी हजार लिटरची प्लास्टिकची टाकी अंगणाच्या पायरीखाली, खालच्या पातळीवर ठेवतोय. ती स्वस्तात मिळाली.

विहिरी उपसणारी अनुभवी माणसं शेजारच्या गावातून मिळालीत. सासूबाईंनी त्यांना जेवायला काय करायचं, इथपर्यंत ठरवलंय. काम कधी धरावं आणि मोटर केवढी घ्यावी, एवढं सांगा.

कुळागरी
मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात धरा. पाणी सगळ्यात खाली असतं, गाळ पूर्ण निघतो. त्यापुढे ढकलू नका. २०२५ साली पाऊस २५ मेलाच गोव्यात पोचला होता. निघालेला गाळ टाकून देऊ नका, माडांच्या आळ्यांत घाला.

अभियंता_निवृत्त
घरगुती वापराला अर्ध्या अश्वशक्तीची पुरते. मोठी घेतलीत तर विहीर झटक्यात तळाला जाईल, जुन्या चिऱ्यांची बांधणी ढासळायची भीती आणि कोरडी चालली तर मोटरही जळेल. गाळ काढतानाही पाणी एकदम न उपसता टप्प्याटप्प्यानं उपसायला सांगा. काम झाल्यावर एक दिवस फक्त मोजण्यासाठी ठेवा. दोराला खुणा करून पातळी बघा, तासभर मोटर चालवा, पुन्हा पातळी बघा, मग बंद करून ती मूळ जागी यायला किती वेळ लागतो ते वहीत लिहा. मे महिन्यात विहीर दिवसाला किती देते ते त्यावरून कळेल. तेवढंच घ्या. आकडे इथे टाका, विहिरीकडून वरच्या टाकीकडे पाइप कसा न्यायचा ते त्यावरून सांगतो. नळाची लाइन आणि विहिरीची लाइन मात्र एकमेकींना जोडायची नाही, दोन्हींना वेगळ्या तोट्या ठेवा.

माधवी_बार्देश
दोराला खुणा करायचं काम धाकट्यानं आजच अंगावर घेतलंय. आकडे आले की टाकते.